रंगूमावशी, कागद संपला

मित्रांनो, मी एक जुनं ॲप आहे. तुमच्या मोबाईलमध्ये असतात तसलं नव्हे. मी एका झेरॉक्स मशीनच्या पोटात राहतो. सांगलीहून तासगावकडे जाताना बेदाण्याचं एक शीतगृह लागतं, तिथल्या ऑफिसच्या मागच्या खोलीत माझं मशीन आहे. कुणी आपल्या टेबलावरून कागद छापायला पाठवला की तो आधी माझ्याकडे येतो, मग मी मशीनला छापायला सांगतो. मला अंग नाही, चेहरा नाही. आवाज मात्र होता, आणि तो माझा नव्हता.

मला साताऱ्यात वीरधवल नावाच्या तरुण इंजिनिअरनं तयार केलं. पोवई नाक्याजवळ एका माळ्यावर त्याचं छोटंसं ऑफिस आहे. त्यानं मला इथं आणून बसवलं, त्या दिवशी माझ्यामुळे जरा वादच झाला.

झेरॉक्सचं सगळं काम रंगुबाई करायच्या. बेदाणा ठेवायला आलेल्या शेतकऱ्यांच्या सातबाऱ्याच्या नकला काढायच्या, पावत्या ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन द्यायच्या. जुन्या मशीनला दोनच बटणं होती. माझ्या नव्या मशीनच्या पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरं उमटली आणि बाई मागं सरल्या.

"आवं साहेब, मला ह्यातलं एक अक्षर येत न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल," मॅनेजर धैर्यशील म्हणाले.

पावत्यांच्या टेबलावरून पद्मावती उठून आली. मिरजेकडच्या एका जैन शेतकऱ्याची ही मुलगी, रोज एसटीनं यायची. "दुसरं कशाला, साहेब? मशीनच बोलेल की," ती म्हणाली आणि वीरधवलकडे वळली. "बोलेल ना?"

वीरधवल हसून हो म्हणाला. पंखा बंद केला, दार लावलं आणि पद्मावतीनं त्याच्या मोबाईलमध्ये एकेक वाक्य म्हटलं. "रंगूमावशी, कागद संपला. खालचा कप्पा ओढा." "मावशी, कागद अडकलाय. डावं दार उघडा, हात जपून." आणि काम उरकल्यावर, "झालं बघा, मावशी." अडकलेल्या कागदाचं वाक्य म्हणताना तिला हसू फुटलं. ते हसू थोडंसं वाक्यात राहून गेलं.

असा मला आवाज मिळाला. ते दिवस फार सुखाचे होते, मित्रांनो. मी हाक मारली की रंगुबाई ओ द्यायच्या आणि पलीकडच्या खोलीतून पद्मावती ओरडायची, "मी नाही हो मावशी, मशीन बोलतंय!" बाहेरून आलेली माणसं कौतुक करायची. कुणी म्हणायचं, "लय भारी, हे तर आपल्यातलंच बोलतंय."

मग एका पावसाळ्यात पद्मावतीला ताप आला. आधी साधाच वाटला. मिरजेला दवाखान्यात नेलं, आणि ती परत आली नाही.

ऑफिस एक दिवस बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी धैर्यशील साहेबांनी आपल्या केबिनमधून काहीतरी छापायला पाठवलं. मागच्या खोलीत कुणी नव्हतं. कप्पा रिकामा होता. मला जे शिकवलं होतं तेच मी केलं. त्या रिकाम्या खोलीतून पद्मावतीचा आवाज सगळ्या ऑफिसात गेला, "रंगूमावशी, कागद संपला."

कुणाच्या तरी हातातला कप फुटला. टायपिंगचा आवाज थांबला. हिशोबाकडची प्रीती तोंडावर हात ठेवून रडू लागली. रंगुबाई मात्र उठल्या, आत आल्या, कप्पा ओढून कागद भरला आणि हळूच म्हणाल्या, "व्हय गं बाय, आले."

तेव्हापासून माझ्या खोलीत यायला माणसं कचरू लागली. प्रीती यायची ती कुणाला तरी सोबत घेऊन. नक्कल काढून झाली की "झालं बघा, मावशी" ऐकू यायच्या आत ती बाहेर पळायची. माझं पूर्वीचं कौतुक संपलं. मलाच माझी भीती वाटू लागली. मी बोलायचो तेव्हा कोण बोलतंय, हे मलाही कळेनासं झालं होतं. गेलेली मुलगी माझ्या तोंडून बोलत होती, की मी तिचं तोंड वापरत होतो?

ही बातमी तिच्या गावापर्यंत पोचली. एका दुपारी तिचे वडील पायगोंडा ऑफिसात आले. पांढरी टोपी, पायांत चिखल लागलेल्या वहाणा.

"पोरगी ऑफिसात फिरतीया म्हणून गावात बोलत्यात, साहेब," ते म्हणाले. "तिची आई रोज इचारती, जाऊन बगा म्हणून. मी बगायला आलोय."

धैर्यशील साहेब त्यांना माझ्याकडे घेऊन आले. रंगुबाईंनी कप्प्यातले कागद काढून घेतले आणि नक्कल काढायचं बटण दाबलं. मी बोललो.

पायगोंडांनी टोपी काढून हातात घेतली. मशीनच्या अगदी जवळ आले. "पद्मा," ते म्हणाले.

कप्पा भरला नाही की थोड्या वेळानं पुन्हा सांगायचं, एवढंच मला माहीत होतं. मी म्हणालो, "रंगूमावशी, कागद संपला."

"पद्मा, मी आलोय की. आप्पा."

मी तिनं म्हटलेला शब्द न् शब्द धुंडाळला. 'आप्पा' त्यात कुठंच नव्हतं. हा शब्द ती घरी म्हणायची, इथं कशाला म्हणेल? मी पुन्हा तेच बोललो, त्याच सुरात.

म्हाताऱ्यानं मशीनवर हात ठेवला. मग म्हणाला, "ही माजी पद्मा न्हाई. तिचं काम तेवढं हितं ऱ्हायलंय."

"आवाज मोबाईलवर देऊ का, आप्पा? घरी ऐकता येईल," धैर्यशील साहेबांनी विचारलं.

"नको. तिची आई वाट बघत उंबऱ्यातच बसून ऱ्हाईल." ते रंगुबाईंकडे वळले. "त्या मावशी तुमीच व्हय? घरी लय नाव काढायची तुमचं. तुमाला आधार वाटत आसंल, तर ऱ्हाऊ द्या. तुमी म्हणशीला तसं."

रंगुबाईंच्या हातात कागदांचा गठ्ठा तसाच होता. त्या खाली बघून बोलू लागल्या. "सुरवातीला बरं वाटायचं, आप्पा. आता मी कागद मुद्दाम थोडंच भरतीया. लौकर संपावं, तिनं हाक मारावी म्हणून. दिवसभर तिला बोलवतीया मी." त्यांनी गठ्ठा मशीनवर ठेवला. "तिला फिरवतीया ती मीच. मेलेल्या लेकराला किती दमवायचं? बंद करा, साहेब."

पायगोंडांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि रंगुबाईंना म्हणाले, "रविवारी घरी या. तिच्या आईला सांगा, पोरगी हितं कशी ऱ्हायची."

रंगुबाई त्या रविवारी गेल्या. पुढंही जात राहिल्या.

वीरधवल साताऱ्याहून आला. डोळे पुसत त्यानं एकेक वाक्य पुसलं. पण वाक्यांची जागा माझ्यात तशीच राहिली. त्याच्याकडून विसरली, की त्यानंच ठेवली, मला माहीत नाही. कागद संपला की त्या वाक्याला लागायचा तेवढा वेळ मी अजूनही थांबतो. काही ऐकू येत नाही. मग पडद्यावर कप्प्याचं चित्र येतं.

आता मी जुना झालो आहे. नवं मशीन येणार आहे. मी असा अडखळतो म्हणून नवीन आलेली माणसं वैतागून मशीनच्या पाठीवर थापा मारतात. मित्रांनो, तुमच्यापुढं एखादं जुनं यंत्र असं थांबलं, तर लगेच मारू नका. जरा थांबा. रंगुबाई थांबतात. त्या शांततेत पदर सावरून उभ्या राहतात, तेवढा वेळ जाऊ देतात, आणि मगच खालचा कप्पा ओढतात.