हवेतले चाक

वळणाच्या आतल्या बाजूचे पुढचे चाक पुन्हा हवेत भिरभिरले आणि छोटी गाडी चढावर जागीच ठाण मांडून बसली.

"बाबा, खास डिफरन्शियल बसवून घेतलात ना?" स्टिअरिंगवरची सून म्हणाली. "मग हे चाक कोणाला वारा घालतंय?"

सासरे वरमले. तंत्रनिकेतनात शिकून आयुष्यभर यंत्रांत रमलेले गृहस्थ. डिफरन्शियल बसवण्याचे काम त्यांनी समोर उभे राहून करून घेतलेले. सून परिचारिका. टेकडीवरच्या दवाखान्याची जबाबदारी घेणार की नाही, हे तिला आज कळवायचे होते. गाडी इथे अशीच अडणार असेल, तर तिचा नकार ठरलेला.

ते उतरून वाकले. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा दातेरी संच. साध्या डिफरन्शियलमध्ये घसरणारे चाक जोडीदारालाही आपल्याइतकेच दुबळे करते. हा नवा डिफरन्शियल मात्र पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या काही पट जोर देतो. पण कशाच्या काही पट? हवेतल्या चाकाला विरोधच नाही, आणि शून्याच्या कितीही पटी केल्या तरी हाती शून्यच! त्यांनी हिशेब निसरड्या रस्त्याचा मांडला होता. चाक जमीनच सोडेल, हे ध्यानीमनी नव्हते.

ते परत येऊन बसले. गाडी बिनक्लचची, डावा पाय मोकळा, एवढे नशीब. "डाव्या पायाने ब्रेकला किंचित स्पर्श कर, उजव्याने वेग दे."

"दोन्ही एकदम? शिकवताना याच चुकीसाठी मला फैलावर घेतलंत!"

"तेव्हा चारही चाकं जमिनीवर होती गं. रिकाम्या चाकाला जरा अडवलं, की दुसऱ्याला जोर मिळेल."

पहिल्या खेपेस ब्रेक जास्त दाबला गेला. इंजिन नुसते गुरगुरले. दुसऱ्या खेपेस तिने तो हलकाच दाबला; भिरभिर मंदावली, बाहेरच्या चाकाने खडी धरली.

"स्टिअरिंग ओढतंय!"

"ओढणारच. घट्ट धर, पण भांडू नकोस."

माथ्यावर सासऱ्यांचा चेहरा खुलला. तिचा नाही.

"आता तुम्ही उतरा."

"का गं?"

"रोज थोडेच शेजारी असणार आहात? एकटीला जमतं का, बघू दे."

ती गाडी वळवून खाली गेली. कडेला उभ्या सासऱ्यांनी कान टवकारले. चाकाचा किरकिरा सूर चढला, लांबला. त्यांचा डावा पाय आपोआप मातीत रुतला. सूर खाली आला, इंजिन जडावले, आणि गाडी वर येऊन त्यांच्यासमोरून न थांबता थेट दवाखान्यापाशी गेली.

ते धापा टाकत पोहोचेपर्यंत तिने फोनवर होकार कळवूनही टाकला होता.