थंड इंजनाला मुकर्रर

“मुकर्रर!” जागीरदार गुंडेराव खुर्चीतून अर्धे उठून ओरडले, आणि राधाकिसन शेठच्या परतूरच्या जिनिंगमधल्या पन्नास माणसांना कळेना, की आता कुणी काय पुन्हा म्हणायचं.

म्हणणारं तिथं एकच होतं. तेलावर चालणारं, हत्तीच्या पिल्लाएवढं इंजन. ते आत्ताच सुरू झालं होतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये ढुक् ढुक् करत होतं. शेजारी ते चालवणारा धुळाजी चिंधीला हात पुसत उभा होता. कुणी ओला कापूस आणला की तो गाडीवानाकडं जसा पाहायचा, तसा तो जागीरदारांकडं पाहत होता.

गुंडेरावांना शौक असायचे. आधी कबुतरं झाली, मग घड्याळं झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सिकंदराबादेत डिझेलवर पळणारा रेल्वेचा डबा पहाटेच्या थंडीत सुरू होताना ऐकला, आणि घड्याळं बंद पडली. तेव्हापासून ते गावोगावची तेलाची इंजनं ऐकत हिंडत. चालत्या इंजनात त्यांना गोडी नव्हती. रात्रभर गारठलेलं इंजन आधी खाकरतं, अडखळतं, रुसतं आणि मग एकदम त्याला गळा लागतो, तेवढाच तुकडा त्यांना हवा असे. घरात बायकोशी मराठीत भांडणारे गुंडेराव दाद मात्र उर्दूतच देत. मराठीत दिली की दादेची शाबासकी होते, असं त्यांचं मत होतं. सोबत तीन दोस्त असत. गुंडेरावांनी ‘वाहवा’ म्हटलं की अर्ध्या श्वासानं तेही म्हणत.

शेठनं हे सगळं हौसेनं मांडलं होतं. जागीरदारांच्या अकरा गावांचा कापूस यंदा त्याच्या जिनिंगला यायचा होता.

“मुकर्रर म्हंजे?” धुळाजीनं कारभारी मुनीमला विचारलं.

“पुन्हा एकदा. शायराला म्हणतेत तसं.”

“हे शायर न्हाई. ह्याला काम असतंय.”

तरी त्यानं इंजन बंद केलं आणि चाक फिरवलं. ढुक्. पहिल्याच झटक्याला लागलं.

“ये क्या?” गुंडेराव हिरमुसले. “ना खांसी, ना नखरा! लगेच उठलं?”

“तापलंय सरकार. नखरा थंडीचा असतो. तेल पेटवणारा वरचा गोळा थंड पडला तरच त्याच्याखाली दिवा लावावा लागतो, मंग ते खाकरतं. थंड व्हायला दुपार कलंल.”

“दुपारी? माझी गाडी अकराची आहे.”

आणि तिघा दोस्तांपैकी ज्याला जन्मात स्वतःचं काही सुचलं नव्हतं, त्याला नेमकं आजच सुचलं. तो म्हणाला, “पाणी मारा की!”

“वाहवा,” गुंडेराव म्हणाले. “वाहवा,” उरलेले दोघे म्हणाले.

धुळाजी हसला. चौदा वर्षांत तो जिनिंगमध्ये हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळं शेठला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

“शेठ, बिडाचा गोळा हाय. लाल तापलेल्या बिडावर हिरीचं पाणी टाकलं तर ते उकलतंय. बायामाणसाला कळतंय हे. तापल्या तव्यावर कुणी गार पाणी वततंय का?”

“थोडंसंच मारू,” शेठ कुजबुजला. “अकरा गावं आहेत धुळाजी.”

“गावं पुढल्या साली येतील. गोळा न्हाई यायचा. तिकडं लढाई सुरू हाय, विलायतेहून सुटा खिळा येऊन न्हाई राह्यला.”

“तू मालक आहेस का मी?”

“तुमीच. म्हणून तर सांगून राह्यलो. माझं असतं तर मी ह्या चौघांना आत येऊ दिलं असतं व्हय?”

हे गुंडेरावांना ऐकू गेलं. आवाजांचा शौक असूनही त्यांना जे ऐकायचं नसे ते ऐकू येत नसे, म्हणून ते छताकडं पाहत राहिले. शेठनं मात्र घागर मागवली.

“मी हात न्हाई लावणार,” धुळाजी बाजूला झाला.

मग मुनीमला पुढं यावं लागलं. जन्मभर टाकानं हिशेब लिहीत आलेला तो माणूस, त्यानं घागर नवरदेवाच्या पायावर ओतावी तशी अदबीनं गोळ्यावर ओतली. फस्सकन वाफ उसळली. शेडमध्ये काही दिसेना. “क्या बात है!” वाफेतून आवाज आला. “बात है,” आणखी तीन आले.

त्या सगळ्याच्या खाली आणखी एक आवाज झाला. टिच्. काचेच्या बांगडीला नख लागावं एवढाच.

धुळाजीचा बाप मेंढरं राखायचा. मेंढीच्या बरगडीला कान लावून तो तिचं दुखणं सांगायचा. पोरानं पुढं बरगडीच्या जागी लोखंड धरलं, एवढाच फरक झाला होता.

“गेलं,” धुळाजी म्हणाला.

“काय गेलं?”

“उकललं. आवाज न्हाई आला?”

शेठनं मुनीमकडं पाहिलं, मुनीमनं दोस्तांकडं, दोस्तांनी गुंडेरावांकडं. गुंडेरावांनी डोळे मिटले, मान तिरपी केली, सिकंदराबादेचा अनुभव पणाला लावला.

“मैंने तो नहीं सुना.”

झालं. परगण्यातला सगळ्यात मोठा कानसेन नाही म्हणाला, म्हणजे तडा गेला नव्हता.

“दुसऱ्याला सांगू का सुरू करायला?” शेठनं विचारलं. आता त्याच्या बोलण्यात धमकी कमी आणि विनवणी जास्त होती.

“नको,” धुळाजी म्हणाला. “आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाई.”

त्यानं दिवा पेटवला. पंप मारून ज्योत निळी केली आणि गोळ्याखाली धरली. रोज तो या वेळेला शिव्या घालायचा, गिरणीला, थंडीला, सरकारला. आज घातल्या नाहीत. गोळा लाल झाला. त्यानं चाकाला मिठी मारल्यासारखं धरून मागं ओढलं आणि सोडलं.

इंजन खाकरलं. पुन्हा खाकरलं. मग चाललं, पण छातीत कफ भरलेल्या म्हाताऱ्यासारखं. प्रत्येक ठोक्याआड तड्यातून शिरलेलं पाणी घुरघुरत होतं आणि नळकांड्यातून धूर निघत होता, रोजच्यासारखा काळा नाही, दुधासारखा पांढरा.

गुंडेराव उभेच राहिले.

“सुभानअल्ला! पहिल्यापेक्षा सरस! और धुवाँ भी सफेद!”

दोस्तांनी टाळ्या पिटल्या. शेठनंही पिटल्या, जरा उशिरानं. गुंडेरावांनी स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा हार काढून धुळाजीच्या गळ्यात घातला, “फनकार हो तुम,” म्हणाले आणि टांग्यात बसून स्टेशनला गेले. पुढच्या आठवड्यात त्यांना हार्मोनियमचा शौक लागला आणि अकरा गावांचा कापूस जालन्याच्या जिनिंगला गेला, पण ते पुढं. त्या दिवशी टांगा वळला आणि इंजन आपोआप थांबलं.

रोज उजाडता इंजन लागलं की आळीतला शिंपी उठायचा, देवळातला गुरव घंटा वाजवायचा, आणि बाया म्हणायच्या, धुळाजीचं उठलं, आता आपण उठा. दुसऱ्या दिवशी परतूर उशिरा उठलं.

शेठ आला तेव्हा धुळाजी शेडमध्ये होता. त्यानं पितळ पुसलं होतं, तेलाच्या वाट्या भरल्या होत्या, दिवा खुंटीला टांगला होता. तो उकिडवा बसून गोळ्याला कान लावून होता.

“थंड आहे?” शेठनं दारातूनच विचारलं. दुसरं काय विचारावं ते त्याला सुचलं नाही.

“हाय.”

“मग लावून बघ की एकदा.”

धुळाजी उठला. खांद्यावरची घोंगडी काढून त्यानं ती गोळ्यावर पांघरली, सगळीकडून नीट खोचली, आणि ज्याला कापसातलं काही कळत नाही अशा माणसाकडं पाहावं तसं शेठकडं पाहून बाहेर पडला. बाहेर चांगलीच थंडी होती. त्यानं उघड्या खांद्यावर हात घेतले आणि घरची वाट धरली.