आधी मला हलवा

मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. मित्रांनो, माझ्या पोटात कधी सरबत गेलं नाही. माझ्या वाट्याला आलं नदीचं पाणी, आणि तेही मोजण्यापुरतं.

ती नदी सहा देशांतून वाहते. तिच्या पाण्यात शिसं उतरतंय, अशी शंका होती. शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं, म्हणून सहाही देशांनी मिळून करार केला: शिशाचा आकडा लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या वर गेला तर काठावरच्या कारखान्यांनी सांडपाणी सोडायचं नाही. मग एकाच पिंपातून आम्हा सहा बहिणींना भरलं आणि एकेका देशाच्या प्रयोगशाळेत धाडलं. एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात यावी, हा हेतू.

मी आले पुन्हाबाईंकडे. कोणताही आकडा आला की त्या म्हणायच्या, "पुन्हा करू." म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. पाण्याचा थेंब घेण्याआधी त्या मला अशा काही हलवायच्या की माझं डोकं गरगरायचं. पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पुन्हाबाईंचा आकडा आला अठरा. बाकी पाच देशांचा सात.

त्यांचे साहेब तसे भले गृहस्थ. खुर्ची ओढून बसले. "बाई, ते पाच जण एकीकडे आणि तुम्ही एकट्या. त्यातून तुमची बहीण नदीकाठी राहते, तिला सातवा महिना लागलाय. लोक म्हणतील, घरच्या काळजीनं आकडा फुगवला."

"म्हणू देत. जे दिसत नाही ते लिहायला माझा हात धजत नाही."

"मग उद्या दुपारपर्यंत कारण शोधा. नंतर सातच पक्का होईल."

मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. याचं एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

पुन्हाबाईंनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अठरा. चौथ्या वेळी माझं झाकण उघडणार, तोच बहिणीचा फोन आला.

"ताई, पाणी उकळून प्यायलं तर चालेल ना?"

"नाही गं. उकळून शिसं जात नाही. मी सांगेपर्यंत बाहेरून आण."

बोलणं तासभर लांबलं. परत आल्या त्या काळजीतच, आणि मला न हलवता वरचंच पाणी घेतलं. आकडा आला सात.

बाईंना आठवलं, या वेळी मला हलवलंच नव्हतं. मग त्यांनी मला खिडकीच्या उजेडात धरलं. माझ्या तळाशी बारीक गाळ बसला होता. शिसं त्या गाळालाच चिकटून होतं.

लगेच पाचही प्रयोगशाळांना पडद्यावर बोलावलं. त्यांतले सर्वांत वडीलधारे तज्ज्ञ म्हणाले, "आम्ही गाळ खाली बसू देतो, बाई. नाहीतर यंत्राची नळी तुंबते. वर्षानुवर्षं असंच करतोय."

"पण काठावरची माणसं पाणी पिताना गाळ बसायची वाट बघतात का?"

आजोबांनी चष्मा काढला, सावकाश पुसला. "पुन्हा करू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्हा सहाही बहिणींना हलवून मोजलं. सगळे आकडे सतरा ते एकोणीसच्या दरम्यान आले. कारखान्यांचं सांडपाणी थांबलं, आणि सहा देशांच्या नियमपुस्तकात पहिलं वाक्य लिहिलं गेलं: आधी बाटली हलवा.

पुन्हाबाईंच्या बहिणीला मुलगी झाली. आता ती शाळेत जाते, पाढे घडाघडा म्हणते. मावशीकडे आली की मला दोन्ही हातांनी धरून हलवते आणि गाळ वर उठलेला बघून खुदकन हसते. मी खिडकीत सुखात आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, स्वच्छ ठेवा. माझी विनंती उलटी आहे. दुसऱ्याचा आकडा वेगळा आला तर त्याला खोटं ठरवण्याआधी विचारा, तू कसं मोजलंस? आणि मला कृपा करून धुऊ नका. माझ्या तळाशी तो चिमूटभर गाळ अजून आहे.