काचेच्या पेटीतला उतार

मला कुणाला 'राहा हो' म्हणायला जमत नाही. फरशी बसवायला सांगा, डोळे मिटून बसवीन. पण सासऱ्यांना एवढं म्हणायचं तर जीभ टाळूला चिकटते.

आमची ही रोज डोकं खात होती. "अहो, बाबा रविवारी निघालेत. माझं ऐकत नाहीत. तुम्ही एकदा म्हणा ना!" तीन महिन्यांपूर्वी बाबा त्यांच्या न्हाणीघरात घसरले, पायाचं हाड मोडलं, म्हणून आमच्याकडे आले. आता पाय बरा झाला होता आणि त्यांना परत त्या रिकाम्या घरात एकटं राहायला जायचं होतं. हिचा जीव टांगणीला लागलेला. माझी गोची वेगळीच. त्या न्हाणीघराची फरशी मीच बसवली होती. कुणी तो विषय काढत नव्हतं, आणि मी तर मुळीच नाही.

मग माझं डोकं चाललं. म्हणायचंच कशाला? बाबांनी जन्मभर एका शाळेच्या बागेत माळीकाम केलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर मातीचा कण नाही. माणूस कंटाळणारच! हाताला काहीतरी मिळालं की आपोआप रमतील. वरच्या मजल्यावरचे मास्तर घर सोडताना त्यांची माशांची काचेची पेटी आमच्या गळ्यात मारून गेले होते. ती घासूनपुसून घेतली आणि शुक्रवारी बाबांना माशांच्या दुकानात नेलं.

दुकानाच्या बाईंनी आधी शोभेच्या वस्तू मांडल्या. बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, उघडझाप करणारी खजिन्याची पेटी, हाडांचा सापळा. "सापळा?" बाबा म्हणाले. "मासे पाळायचेत की घाबरवून मारायचेत?" मला एक किल्ला आवडला होता. पण जवळून बघतो तर डावा बुरूज ओळंब्यात नाही, कललेला. मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "माशांना कळत नाही हो." म्हटलं, "मला कळतं ना!" किल्ला परत फळीवर गेला.

मग प्लास्टिकची गुलाबी झाडं आली. बाबांनी एक पान नखानं खरवडलं आणि तोंड असं केलं, की बाईंनी ती मुकाट्यानं उचलली. खऱ्या रोपांपाशी मात्र गडी खुलला. पानं उलटी करून बघितली, मुळं हुंगली, बाईंना दहा प्रश्न विचारले. लांब पात्यांची चार रोपं घेतली, एक वाकडं लाकूड घेतलं. मी मनात म्हटलं, जमलं!

"मासे पुढच्या आठवड्यात न्या," बाई म्हणाल्या. "आधी झाडं लावा, पाणी स्थिरावू द्या."

"तेव्हा मी नसेन इथं," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर रोपांची पिशवी मी ओट्यावर आदळली. बाबा जरा आडवे झाले. म्हटलं, तेवढ्यात पेटीचा तळ तरी करून टाकू, उठल्यावर खूश होतील. आधीच्या कामातल्या पांढऱ्या टाइल्स उरल्या होत्या. खाली वाळू घातली, टाइल्स कापल्या, सिमेंटचा मसाला न लावता एकीला एक घट्ट भिडवून बसवल्या. सांध्यात केस जाणार नाही असं काम. राग आला की माझा हात जास्त चांगला चालतो.

बाबा उठून आले. चष्मा लावून वाकले. "हे काय, जावईबापू?"

"तळ."

"ते दिसतंय. पण उजवीकडे उतार का दिलाय?"

मी बघितलं. खरंच की! हातानं सवयीनं कोपऱ्याकडे उतार दिला होता. "पाणी जायला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुठं जायला?" बाबा खुर्चीत बसून हसायला लागले. आतून ही आली, तिनंही बघितलं आणि पदर तोंडाला लावला. माझं टाळकं सरकलं.

"हसा, हसा! उतार चुकला की पाणी साचतं, माणसं पडतात. तुमच्या न्हाणीघरात चुकलाय माझा उतार. म्हणून पडलात तुम्ही. माझ्यामुळं!"

बाबांनी चष्मा काढला.

"म्हणून तीन महिने माझ्याशी धड बोलत नव्हतात? अहो, मला वाटलं मी जड झालो तुम्हाला."

"जड?" माझा आवाज चढला तो उतरेना. "कसले जड! जायचं नाही कुठं. राहा इथं. मी सांगतोय, राहा!"

बाबा चष्मा पुसायला लागले. मग हळूच म्हणाले, "तुमच्या उताराला काही झालेलं नाही. न्हाणीघर कोरडं होतं. मी एका पायावर उभा राहून पायजमा चढवत होतो."

"बाबा!" ही ओरडली. "या वयात? बाहेर खुर्ची ठेवलीय ना!"

"म्हणूनच सांगितलं नाही. घसरलो म्हटलं की लोक हळहळतात. पायजम्यात अडकलो म्हटल्यावर काय इज्जत राहते माणसाची?"

मला हसावं की त्यांचा गळा धरावा, कळेना. तीन महिने मी रात्रीचा आढ्याकडे बघत पडलो होतो!

"आता त्या मागच्या टाइल्स काढा," बाबा म्हणाले. "चिनी मातीत रोपं लावू का मी?"

एकदा बसवलेली टाइल मी आजवर कुणाच्या बापासाठी काढली नाही. हिच्या बापासाठी काढली. बाबा बाह्या सारून माझ्या शेजारी बसले आणि वाळूत बोट घालून खड्डा करायला लागले.

"आणि रविवारी माझ्याबरोबर चला," ते मान वर न करता म्हणाले. "तिकडचे माझे कपडे, भांडी, खुरपं, सगळं इकडे आणायचंय. मला एकट्याला उचलवणार नाही."