याय लमदुअनचा विसावा दात

सकाळी दातवण करताना खोयच्या झाडाच्या काडीत दात अडकून आला, तेव्हा याय लमदुअन, म्हणजे लमदुअन आजी, ओरडली नाही. तिने काडीच्या चावून मऊ झालेल्या टोकाकडे नीट बघितलं आणि कुंपणापलीकडच्या मैत्रिणीला हाक मारली.

"ओन्से, इकडे ये गं. झाड गेलं."

ओन्सीने आधी झाडाकडे बघितलं. खोय दारात होतं तिथेच होतं. "आहे की!"

"संध्याकाळी नसेल." यायने काडी पुढे केली.

ओन्सी मटकन खाली बसली.

आज तालुक्याची म्हाताऱ्यांच्या दातांची स्पर्धा होती. वय ऐंशीच्या वर आणि तोंडात स्वतःचे निदान वीस दात, असा नियम. यायचे बरोब्बर वीस होते, आणि तालुक्यात तेवढे दुसऱ्या कुणाचे नव्हते. झाड तिच्या दारात, पण जमीन सरकारी. आणि गावचा मुखिया तुई याला ते तोडून तिथे स्वतःच्या नावाची कमान उभारायची होती. भांडण विहारात मोठ्या भन्तेंपुढे गेलं, तेव्हा तुई म्हणाला होता, "याय पहिली आली तर झाड राहील. नाही आली तर कुऱ्हाड."

"आता एकोणीस," याय म्हणाली.

"मोजतंय कोण?"

"डॉक्टरीण. तेवढ्यासाठीच येतेय ती बया."

ओन्सीने जरा विचार केला, टोपलीतून चिमूटभर चिकट भात घेतला, मळून मळून त्याची गोळी केली, यायच्या हिरडीत दाबली आणि वर दात बसवला. "तोंड मीट. खोकू नकोस, हसू नकोस. तुईचं भाषण ऐकून हसू येईल, तरी नको."

शाळेच्या मैदानावर मांडव होता. फलकावर तुईचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा आणि कोपऱ्यात याय, टपाल तिकिटाएवढी. डॉक्टरीण तरुण होती, आरसा घेऊन तयार.

"आजी, आधी चूळ भरा."

"नको!" ओन्सी ओरडली. "पाण्याने तिला उचकी लागते."

यायने मैत्रिणीची लाज राखायला खोटी उचकी काढली. भात आत सरकला. यायचा चेहरा पांढरा पडला, पण डॉक्टरणीला वाटलं, उचकीनेच.

मोजणी सुरू झाली. एकेका दातावर टक, टक. मागे तुई मान लांब करून ओठ हलवत मोजत होता. शेवटच्या दातावर डॉक्टरीण थांबली.

"हा हलतोय."

"या वयात मीपण हलते," यायला राहवलं नाही.

मांडव हसला. डॉक्टरीणही हसली. "वीस!"

तालुकासाहेबांनी माईकवर निकाल सांगितला. याय पहिली! तुईचं तोंड कारल्यासारखं झालं. पण माईक हातात येताच तो सावरला. "माझ्याच मार्गदर्शनाखाली यायने हे दात राखले!" हार त्याने स्वतःच्याच गळ्यात घालून घेतला.

"आजी, फोटोसाठी पेरू चावा," फोटोवाला म्हणाला.

नाही कसं म्हणणार? यायने अगदी ओठांनीच चावल्यासारखं केलं. पेरू बाहेर आला आणि दाताच्या जागी जिभेला भोक लागलं. दात पेरूत रुतला होता. तिने पेरू लुगड्याखाली न्यायला घेतला, तेवढ्यात तुईने हिसकावला. "एक फोटो माझाही!" म्हणत त्याने दणकून चावा घेतला.

कट्.

तुईने गाल धरला, तोंडात बोट घातलं आणि दात बाहेर काढला.

"किती स्वच्छ आहे!" डॉक्टरीण म्हणाली. "मुखिया, हा तुमचा?"

तुईची जीभ तोंडभर फिरून आली. त्याचे सगळे जागेवर होते. त्याने यायकडे बघितलं. एक शब्द, की झाड आडवं.

पण मार्गदर्शन त्याचं होतं. हार त्याच्या गळ्यात होता. साहेबांनी त्याचा हारातला फोटो वरच्या ऑफिसात आत्ताच पाठवला होता.

"माझाच," तुई म्हणाला.

"मग जखम बघू द्या."

"नको, बरंय."

"अहो, लाजता काय!" साहेबांनी त्याला खांदे धरून खुर्चीत बसवलं.

डॉक्टरणीला मागे दाताचा एक कुजलेला खुंट सापडला. "इथलाच दिसतोय. वर इतका छान आणि मूळ असं? नवलच आहे. काढावं लागेल."

याय जवळ आली आणि तिने तुईचा हात धरला. "तुई, बाळा, खरं सांगायचं असेल तर अजून वेळ आहे हां."

तुईने चिमट्याकडे बघितलं. मग साहेबांकडे. आणि आ मोठा केला.

त्याची किंकाळी विहारापर्यंत गेली म्हणतात.

"पण मुखिया," साहेबांनी माईक पुढे धरला, "असा सुंदर दात राखला कशाने?"

तुईच्या तोंडात कापूस होता. उत्तर यायने दिलं. "माझ्या दारच्या खोयच्या काडीने. रोज पहाटे नेतो बिचारा मागून."

"मग ते झाड कुणी तोडता कामा नये! काय मुखिया?"

"हुं," तुई म्हणाला. माईकमध्ये नीट आलं नाही, म्हणून साहेबांनी परत म्हणायला लावलं.