म्हसोबा चाटणारी गाय

आमच्या गाईचं वासरू जन्मलं तेव्हा त्याच्या पाठीवर केसच नव्हते. कातडी ओल्या कागदासारखी पातळ. सासूबाईंनी पुसायला फडकं लावलं तर खांद्यापाशी ती सोलून निघाली. मला सातवा महिना होता. मी गोठ्याच्या दारातच खाली बसले.

"ऋतुजा, तू बघू नगंस. घरात जा," सासूबाई ओरडल्या. माझ्या या सासूला, विठाबाईंना, अख्खं गाव घाबरतं, मी सोडून. मी हलले नाही.

चाकूरहून जनावरांच्या डॉक्टर मुग्धा मॅडम आल्या. वासराला बघून त्यांचा चेहराच उतरला. "गाय गाभण असताना काही भलतंसलतं चाटायची का? जुनी बॅटरी, रंगाचा डबा?"

"बॅटरी कशाला चाटंल? लई देवभोळी हाय ती," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "रोज बांधावरचा म्हसोबा चाटती. शेंदूर पार उडवती. मग मी पुन्यांदा तेलात कालवून लावती."

"शेंदूर कुठला?"

"बाजारातला. सुटा."

मॅडम वासराजवळून उठल्या. "काही शेंदरात शिसं असतं. ते आईच्या रक्तातून पोटातल्या जिवाकडे जातं. यानंच असं झालं का, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण गाईला तिकडे सोडू नका."

दर शनिवारी देवाला शेंदूर लावून झाला की सासूबाई तेच बोट माझ्या जिभेला लावायच्या, बाळाला देवाची राखण म्हणून. एरवी मी त्यांचं एक ऐकून घेत नाही. यात मात्र त्यांची माया दिसायची, म्हणून गुमान चाटत आले. बी.एस्सी. झालेली बाई मी!

सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "मॅडम, माणसाला बी व्हतं का हो असं?"

मॅडमनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "आजच लातूरला न्या हिला. रक्त तपासून घ्या."

जीपमध्ये सासूबाई माझ्या पोटावर हात ठेवायला गेल्या. नखात केशरी शेंदूर दिसला तसा चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि बोट लुगड्याला पुसत बसल्या, पुसतच बसल्या. मला संताप यायला हवा होता. पण एवढी भीती एकटीनं सोसायची माझ्यात ताकद नव्हती. मीच त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला.

आतून बाळानं लाथ मारली. आम्ही दोघीही दचकलो.