घाणेरीच्या मुळाशी सापडलेलं लिंबू

सिडकोतल्या व्यंकटराव सरांच्या फाटकाशी सकाळपासून जत्रा भरली होती. कुंपणालगतची घाणेरी सर दरवर्षी छाटायचे आणि ती दरवर्षी दुप्पट माजायची. तीच घाणेरी बद्रीबाबांनी छाटलेल्या बुंध्यांवर तीर्थ शिंपडल्यापासून पंधरा दिवसांत पार वाळली होती! शेजारणी त्या काटक्यांनाच हात जोडत होत्या.

"हे झुडूप नाही, बंधन आहे बंधन!" बाबा तांब्याचा गडवा उंचावून गरजले. "वरून छाटाल तर खालून फुटेल. कारण मुळाशी कुणीतरी बसलंय!"

सरांनी मान डोलावली. शेंडा छाटला की बाजूचे डोळे फुटतात आणि झुडूप दाट होतं, हे त्यांनीच तीस वर्षं नववीच्या पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. पण बायकोचा, उमाताईंचा ताप महिनाभर हटत नव्हता, म्हणून तर बाबांना बोलावलं होतं. घाबरलेल्या सरांना फळा आठवला नाही.

बाबांनी एका हातानं माती उकरली. दुसरा हात झोळीत होता. मग आरोळी ठोकून त्यांनी काळ्या फडक्याची पुरचुंडी वर काढली. आत टाचण्या टोचलेलं लिंबू!

"तीन वर्षांची करणी आहे ही! या घरात रोज येणाऱ्या बाईची!"

रोज येणारी बाई एकच. धुणंभांडी करणारी द्वारकाबाई ओल्या हातांनी दारात उभी होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. गल्लीतल्या पाच घरांवर तिचा संसार चालत होता. एकदा करणीवाली ठरली की पाचही दारं बंद. तिनं सरांकडे पाहिलं. 'काहीतरीच काय,' एवढं जरी सर म्हणाले असते तरी पुरलं असतं.

"द्वारकाबाई," सर खाली बघत म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"जाते. पर आधी मला बघू द्या." ती गर्दीतून सरळ पुढं आली आणि तिनं गडव्याला नाक लावलं. "हे तीर्थ व्हय? आमच्या पाचोडला बांधावरचं गवत माराया हेच फवारतेत. तणनाशक हाय हे!"

"पापी बाईला तीर्थाचा असाच वास येतो!" बाबा ओरडले. "हे फक्त करणीच जाळतं."

"आसं? मग शेजारची ही तुळस कशानं जळाली? तिनं कुणाला करणी केली व्हती?"

शेजारणी वाकून बघू लागल्या. घाणेरीच्या आडोशाला उगवलेली तुळस शेंड्यापर्यंत करपली होती. द्वारकाबाईनं लिंबू उचलून दाबलं. बोटांवरून रस ओघळला.

"तीन वर्सं मातीत व्हतं नव्हं? आमच्या घरात तर आठ दिवसांत वाळून खडा व्हतंय."

कुणीतरी बाबांची झोळी हिसकावली. आतून आणखी दोन पुरचुंड्या पडल्या आणि पाठोपाठ तणनाशकाची बाटली. मघाशी हात जोडणारेच आता बाबांना हसत पोलिसांना फोन लावू लागले.

सरांना हसू आलं नाही. शरमेनं त्यांचे कान तापले होते. सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं, तुळस आणि लिंबूसुद्धा. आयुष्यभर विज्ञान शिकवून त्यांनी साधा एक प्रश्न विचारला नव्हता.

"द्वारकाबाई, उद्या या," ते कसंबसं म्हणाले.

"नाय सर. बाबा परका व्हता, त्यो कायबी म्हणल. तुमच्या घरात मी चार वर्सं राबले." ती पदराला हात पुसत निघून गेली.

सरांनी गर्दीला थांबवलं.

"बाबा लबाड आहे, पण चूक माझी आहे. मला लाज वाटते. घाणेरी हटवायची तर मूळ खणून काढावं लागतं. ताप आला तर रक्त तपासून घ्यावं लागतं, मी आजच घेणार आहे. आणि कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर आधी पुरावा तपासा. मी तपासला नाही."

मग चपला घालून ते उरलेल्या चारही घरी गेले आणि दारादारात हात जोडून हेच पुन्हा म्हणाले. त्या घरांची कामं द्वारकाबाईकडेच राहिली. सरांकडे मात्र ती परत आली नाही.